हातचा कोणत्या वर्गात हरवला?

इतिहासाच्या पुस्तकात अंजनगाव सुर्जीचे नाव येते ते एका तहामुळे. असई, आडगाव आणि गाविलगड येथील लढायांनंतर ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात येथे तह झाला व हिंदुस्थानच्या सत्तेचे पारडे इंग्रजांकडे झुकले. या तहाचे साल तालुक्यातील शाळकरी मुलांना तोंडपाठ असावे यात नवल नाही. परंतु हेच साल, ‘अठराशे तीन’ असे उच्चारून, प्राथमिक शाळेतील मुलांना अंकांत लिहावयास सांगावे. कोणत्याही गावच्या कोणत्याही शाळेत दोनचार मुले तरी १८००३ असे लिहून पाटी पुढे करतील.

या मुलांना निष्काळजी म्हणता येणार नाही. त्यांनी जे ऐकले तेच इमानाने लिहिले आहे. आधी अठराशे लिहिले आणि त्याच्या शेजारी तीन मांडले. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही, एवढाच याचा अर्थ. आता ती कोणी पोहोचवायची होती, असा प्रश्न विचारला म्हणजे प्राथमिक शाळेतील एक जुना संवाद ऐकू येतो. पाचवीचे शिक्षक म्हणतात, मुले चौथीतून कच्ची आली. चौथीचे शिक्षक तिसरीकडे बोट दाखवतात, तिसरीचे दुसरीकडे. पहिलीच्या बाई म्हणतात, घरी कोणी अभ्यासच घेत नाही. आणि घरचे म्हणतात, मग शाळेत पाठवतो कशाला? या संवादात प्रत्येकाचे म्हणणे थोडेथोडे खरे असते. म्हणूनच त्यातून काही निष्पन्न होत नाही.

प्रश्न एखाद्या गावाचा किंवा एखाद्या शिक्षकाचा नाही. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी ज्यांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते अशांचे प्रमाण २०१८ साली २८.२ टक्के होते. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ते २५.९ टक्क्यांवर घसरले व २०२४ मध्ये ३३.७ टक्के झाले. पाचवीतील ज्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते, ती २०२४ मध्ये ३०.७ टक्के होती. सुधारणा झाली हे खरे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. तथापि पाचवीतील दर दहा मुलांपैकी सुमारे सात मुले साध्या भागाकारापाशी अडतात, हे सत्य त्या सुधारणेच्या आड लपत नाही.

गणित ही उतरंड आहे. वरच्या मडक्याला कितीही रंग दिला, तरी तळचे मडके कलते असेल तर सारी उतरंड कलते. इतिहासात शिवकालाचा पाठ बुडाला तरी पेशवाईचा पाठ समजू शकतो. गणितात दशक समजला नाही, तर वजाबाकी, भागाकार, दशांश अपूर्णांक आणि टक्केवारी यांपैकी काहीच समजत नाही. म्हणूनच एखाद्या वर्गाला एखादा उत्तम शिक्षक लाभला, एवढ्याने शाळेचे गणित सुधारत नाही. तो एक वर्ष सुखाचे जाते आणि पुढच्या वर्षी मूल पुन्हा निराळ्या शब्दांच्या, निराळ्या रीतीच्या आणि निराळ्या अपेक्षांच्या वर्गात जाऊन बसते. प्राथमिक गणिताची सुधारणा ही संपूर्ण शाळेने, पहिलीपासून शेवटच्या वर्गापर्यंतच्या सर्व शिक्षकांनी मिळून हाती घ्यावयाची गोष्ट आहे.

एक वजाबाकी, तीन चुका

उदाहरणादाखल ५०३ वजा १८७ ही वजाबाकी घ्यावी. बरोबर उत्तर ३१६. एखाद्या वर्गात हे उदाहरण घातले, तर चुकीची उत्तरे वाटेल तशी येत नाहीत. ती ठराविक असतात. एक मूल ४८४ असे उत्तर काढते. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे; वर कोणता आणि खाली कोणता, याची त्याला फिकीर नाही. दुसरे मूल ४१६ काढते. त्याने शून्याचे नऊ केले, पण ज्या शतकाकडून उसने घेतले ते पाचाचे चार करायला तो विसरला. तिसऱ्याचे उत्तर २२६ येते. त्याने एककासाठी थेट शतकाकडे हात पसरला, पुन्हा दशकासाठीही तेथेच हात पसरला, आणि मधल्या शून्याला जणू ते तेथे नसल्यासारखे ओलांडले.

तिन्ही उत्तरांवर लाल शाईची फुली सारखीच पडते आणि तिघांनाही ‘पुन्हा सोडव’ असे सांगितले जाते. वास्तविक तिघांचे आजार वेगळे आहेत. मुलांच्या अशा चुकांमागे पक्का, पण चुकीचा नियम असतो, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीच्याच उदाहरणांवरून दाखवून दिले. हा चुकीचा नियम येतो कोठून? पुष्कळदा तो शाळेतूनच येतो. दुसरीच्या वर्गात शिक्षक सहज म्हणून जातात, ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे.’ त्या दिवशी, त्या उदाहरणापुरते, ते वाक्य उपयोगी असते. मूल ते वाक्य जपून ठेवते आणि तिसरीत त्याचे ४८४ होतात.

अशी वाक्ये आणखी पुष्कळ आहेत. ‘दहाने गुणायचे तर पुढे शून्य द्यायचे’, असे तिसरीत सांगितले जाते, पुढे २.५ ला दहाने गुणताना मूल २.५० लिहिते. ‘गुणले की वाढते आणि भागले की कमी होते’, हेही असेच. अपूर्णांकांशी गाठ पडताच ते खोटे ठरते. ‘शून्य म्हणजे काही नाही’, हे तर पहिलीतच कानावर पडते. आणि जे काही नाही ते लिहायचे कशाला, म्हणून ५०३ चे ५३ होतात. दुसरीचे शिक्षक आपल्या वर्गापुरते पाहतात, म्हणून त्यांना या वाक्यांची पुढची गत दिसत नाही. पाचवीच्या शिक्षकांना परिणाम दिसतो, पण उगम दिसत नाही. दोघे एका टेबलाशी बसले, तरच आजार आणि कारण यांची गाठ पडते.

रीतीचेही तसेच आहे. जुन्या पिढीने शिकलेल्या वजाबाकीत वरच्या अंकाला दहा देऊन खालच्या पुढील अंकात हातचा एक मिळवीत. आजच्या पुस्तकांत दशक सुटा करून त्याचे दहा एकक केले जातात. दोन्ही रीती शुद्ध आहेत. परंतु शाळेत एक, शेजारच्या वर्गात दुसरी आणि घरी आजोबांकडे तिसऱ्याच शब्दांत पहिली, असे झाले म्हणजे मुलाच्या हाती रीत राहत नाही, केवळ धांदल राहते. कोणती रीत घ्यायची हे शाळेने एकदा ठरवावे आणि पालकांच्या सभेत फळ्यावर करून दाखवावे.

बोलण्यात एक, लिहिण्यात दुसरे

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण आहे. ‘बावीस’ या शब्दात दोन आधी ऐकू येतात आणि वीस मागून. लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यामुळे पस्तीस ऐकून ५३ लिहिणारी मुले दर वर्षी नव्याने भेटतात. त्यातच एकोणतीस, एकोणचाळीस अशी पुढच्या दशकाचे नाव घेऊन मागे उभी राहणारी मंडळी. आणि ती चाल ८९ पर्यंत पाळून, ९९ ला मात्र ‘नव्व्याण्णव’ म्हणून मोडली जाते. त्रेसष्ट, अडुसष्ट, शहाऐंशी ही नावे प्रत्येक स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. कन्नड किंवा तेलुगू मुलाला हा जाच नाही. त्यांच्या भाषांत वीस आधी आणि दोन नंतर येतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस दोन’ अशा प्रकारच्या वाचनाचा पर्याय देण्यात आला, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे अनेकांना आठवत असेल. विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली, पण ती थट्टेच्या गदारोळात फारशी ऐकली गेली नाही. जगात असे बदल घडलेले नाहीत असे नाही. नॉर्वेने १९५१ पासून शाळेत व सरकारी व्यवहारात संख्यांची नावे दशक आधी घेऊन वाचण्याची पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. तरीही जुनी पद्धत लोकांच्या बोलण्यातून पुसली गेली नाही, हेही त्याच अनुभवाचे दुसरे अंग आहे.

वादात कोणाची बाजू घ्यावी हा येथे प्रश्न नाही. पहिलीच्या वर्गात ‘वीस दोन म्हणजे बावीस’ असे दोन्ही शब्द जोडीने वापरायचे आणि दुसरीच्या वर्गात त्याची हेटाळणी करायची, असे झाले तर मुलाचे नुकसान निश्चित आहे. शाळेने दोन्ही नावांचा पूल कोणत्या वर्गात बांधायचा आणि कोणत्या वर्गात तो काढून घ्यायचा, हे एकमताने ठरवले तर थट्टेचा विषय शिकवण्याचे साधन होतो. अंजनगावसारख्या ठिकाणी मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत; उत्तरेस मेळघाटात कोरकू घरांतली मुले मराठी शाळेत येतात. तेव्हा संख्यानामांचा विचार प्रत्येक शाळेला आपापल्या मुलांचे कान ओळखूनच करावा लागेल.

पानमळ्यातले गणित

मराठीने मुलांना अडचण दिली तशी श्रीमंतीही दिली आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे अपूर्णांक मूल शाळेत येण्यापूर्वीच ऐकत असते. जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली आणि ते पाढे अस्तंगत झाले. घोकंपट्टी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर शाळेने तो शब्दही सोडला आणि मुलापुढे एकदम ‘तीन छेद चार’ येऊन उभा राहिला. घरी जी पाऊण असते ती शाळेत ओळखीची राहत नाही.

चिनी-अमेरिकी संशोधक लीपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात शिक्षकांना विचारलेला एक प्रश्न आहे: पावणेदोन भागिले अर्धा किती? अमेरिकेतील २३ शिक्षकांपैकी केवळ ९ जणांचे उत्तर पूर्ण बरोबर आले; चीनमधील सर्वच्या सर्व ७२ शिक्षकांचे आले. विशेष म्हणजे चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा बरेच कमी वर्षांचे होते. हाच प्रश्न एखाद्या वऱ्हाडी आजीला ‘पावणेदोन पायली ज्वारीत अर्ध्या पायलीची मापं किती?’ असा विचारला, तर ती साडेतीन म्हणून सांगेल आणि प्रश्न कठीण का वाटावा, याचेच तिला नवल वाटेल.

घरचे गणित आणि शाळेचे गणित यांतील दरी केवळ आपल्याकडची नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्या मुलांचे ९८ टक्के हिशेब बरोबर येत. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा ३७ टक्केच बरोबर आली. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेले संशोधन याच दिशेचे आहे. त्यात एक गोष्ट अधिक आहे: शाळेत शिकणारी, कागदावर गणित करणारी मुले बाजारातल्या हिशेबात तितकीच अडखळली. म्हणजे एकीकडची विद्या दुसरीकडे आपोआप जात नाही. तिला कोणीतरी हात धरून न्यावे लागते.

अंजनगाव तालुका विड्याच्या पानांसाठी, पानपिंपरीसाठी, केळी आणि संत्र्यांसाठी ओळखला जातो. आईबापांबरोबर पानमळ्यात जाणाऱ्या मुलाला शेकडा म्हणजे काय हे कळते. एकराचे चाळीस गुंठे, युरियाच्या गोणीत पंचेचाळीस किलो, कापसाचा क्विंटलचा भाव आणि आपला कापूस पावणेचार क्विंटल, हे हिशेब त्याच्या घरात रोज होतात. शंभराच्या नोटेचे दहाच्या नोटांत सुटे करणे म्हणजेच शतक सोडवणे होय. वजाबाकीतला हातचा याहून वेगळा नाही. हे सारे साहित्य फुकट आहे. मात्र ते एका हौशी शिक्षकाच्या एका तासापुरते न राहता पहिलीपासून पाचवीपर्यंत क्रमाने वाढत गेले पाहिजे.

एका टेबलाशी

असे एकत्रित काम म्हणजे नेमके काय करायचे? त्याला मोठा खर्च किंवा नवी योजना लागत नाही. प्रथम सर्व वर्गांना झेपतील अशी थोडी उदाहरणे एकाच आठवड्यात द्यावीत आणि सर्व शिक्षकांनी वह्या एकत्र मांडून चुकांची प्रतवारी करावी. गुण द्यायचे नाहीत, वर्गाची तुलना करायची नाही. चूक कोणत्या प्रकारची आणि तिचे मूळ कोणत्या इयत्तेत, एवढेच पाहायचे. दुसऱ्या बैठकीत शब्द आणि रीत ठरवावी: एकक-दशकासाठी काड्यांच्या जुड्या वापरायच्या की नोटा, हातच्याला काय म्हणायचे, कोणती वाक्ये वर्गात उच्चारायची नाहीत. तिसऱ्या टप्प्यात एका शिक्षकाने पाठ घ्यावा आणि बाकीच्यांनी वर्गात बसून मुले काय करतात ते टिपावे. जपानमधील शिक्षक अनेक पिढ्या या पद्धतीने पाठाचा अभ्यास करीत आले आहेत आणि चीनमधील शाळांतही विषयवार अभ्यासगट असतात. लीपिंग मा यांच्या शिक्षकांचे ज्ञान पदवीतून आले नव्हते. ते अशा गटांत, एकमेकांचे पाठ पाहून, वर्षानुवर्षे वाढले होते.

मुख्याध्यापकाचा वाटा येथे निर्णायक आहे. पुष्कळदा शाळेतील सर्वांत जाणता शिक्षक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडे असतो आणि पहिलीचा वर्ग नव्याने आलेल्याच्या वाट्याला जातो. परीक्षेचा निकाल वर्तमानपत्रात छापून येतो. पहिलीतल्या मुलाला दशक समजला, ही बातमी होत नाही. उतरंडीचा तळ ज्याला सांभाळायचा आहे, त्याने हा क्रम उलटा केला पाहिजे.

याच महाराष्ट्रात याचा अनुभव घेतला गेला आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा एका विचाराने कामाला लागल्या आणि राज्यभरातील शिक्षक ते पाहावयास गेले. जून २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा अशा कामांना बळ मिळाले. परंतु पाहून आलेल्यांनी सोबत काय आणले? अनेक शाळांत फरशा रंगल्या, भिंतींवर संख्यारेषा आल्या, कारण ते उचलून आणणे सोपे होते. शिक्षकांनी दर आठवड्याला एकत्र बसून मुलांच्या चुका वाचणे मात्र प्रवासात मागे राहिले. रंग दोन पावसाळ्यांत उडतो. गणिताची पेटी मोडेल या भीतीने कपाटात राहिली, तर तिचा रंग उडत नाही एवढेच.

खऱ्या अडचणी

या सूचनेवर पहिला आक्षेप असा येईल, की खेड्यातील शाळेत ‘सर्व शिक्षक’ म्हणजे दोघेच असतात. तो आक्षेप योग्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोनच शिक्षक ठरवले आहेत. म्हणजे पाच वर्ग दोघांत वाटून घ्यायचे. अशा ठिकाणी केंद्र हीच शाळा मानावी लागेल. आसपासच्या शाळांचे केंद्र, केंद्रप्रमुख आणि शिक्षण परिषद ही व्यवस्था महाराष्ट्रात आहेच. त्या परिषदेतील वेळ परिपत्रकांच्या वाचनाऐवजी आणि माहितीचे तक्ते भरण्याऐवजी एका वजाबाकीला दिला, तर दहा शाळांचे मिळून एक शिक्षकगृह तयार होईल. शिवाय दोनशिक्षकी शाळेची एक जमेची बाजू आहे: तोच शिक्षक त्याच मुलाला दोनतीन वर्षे पाहतो. चुकीचा उगम शोधायला त्याला शेजारच्या वर्गात जावे लागत नाही.

दुसरी अडचण वेळेची. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. प्रत्यक्षात माहिती भरण्याच्या कामाला अंत नाही, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. त्यांच्याकडून एकत्र विचाराची अपेक्षा करणाऱ्या प्रशासनाने तो विचार करण्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवला पाहिजे. शाळा सुटल्यावर, एस.टी. चुकवून, हे काम होणार नाही.

तिसरी अडचण बदल्यांची. चांगला शिक्षक गेला की त्याची रीतही जाते. यावर उपाय एकच: जे ठरले ते शाळेच्या गणिताच्या वहीत लिहून ठेवणे. कोणत्या चुका आढळल्या, कोणता शब्द ठरला, कोणता पाठ फसला आणि का, हे नव्याने येणाऱ्याला पहिल्या दिवशी वाचता आले पाहिजे. शिक्षक बदलतात, शाळेची स्मृती बदलीवर जाऊ नये.

अर्थात यामुळे वर्गातील सगळी मुले एका पातळीवर येतील असे नाही. इंग्लंडमधील कॉकक्रॉफ्ट समितीने १९८२ सालीच नमूद केले होते, की अकरा वर्षांच्या मुलांच्या एका वर्गात गणिताच्या समजेचे अंतर सात वर्षांइतके असू शकते. हे अंतर मिटवणे कोणाच्याच हाती नाही. पण जे मूल मागे आहे ते नेमके कोठे थांबले आहे, हे सांगता येणे शाळेच्या हाती निश्चित आहे.

अंजनगाव तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी जानोरकरांचा जन्म झाला. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखले. त्यांना शाळा लाभली नाही. मामाच्या शेतीवर सावकारी कर्जाचे आलेले संकट त्यांनी तरुणपणी पाहिले आणि आयुष्यभर कीर्तनातून ते ऋण काढू नका, पोरांना शिकवा, हे लोकांना विनवीत राहिले. कागदावरचा आकडा ज्याला वाचता येत नाही त्याचे शेत आकड्याने जाते, हे त्या पिढीने सोसून जाणले होते. आज सावकाराच्या वहीची जागा कर्जाच्या हप्त्यांनी, विम्याच्या अर्जांनी आणि मोबाइलवरच्या आकड्यांनी घेतली आहे. १८०३ आणि १८००३ यांतील फरक ज्याला कळला नाही, त्याला व्याजाचा दर कोण समजावून सांगणार?

गाडगेबाबांच्या हातातला खराटा एकट्याचा होता, पण गाव झाडायला सारे गाव उतरावे हाच त्यांचा आग्रह होता. त्यांच्या तालुक्यातील शाळांनी एवढेच करावे: येत्या सत्रात एक वजाबाकी निवडावी, सर्व शिक्षकांनी तिच्याभोवती बसावे आणि हातचा कोणत्या वर्गात हरवला ते शोधून काढावे.